गव्हातले तण? : इंग्लंडमध्ये स्थिरावलेले व्हायकिंग

१/ इ.स. ७९३. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळील लिंडिस्फार्न बेटावरचा मठ व्हायकिंगांनी लुटला. त्यांची जनमानसातील प्रतिमा आजही त्या लुटीशी जखडलेली आहे. परंतु इंग्लंडवर खरा ठसा उमटवला तो लुटून परतणाऱ्यांनी नव्हे, तर तेथेच राहिलेल्यांनी.

२/ ८६५ मध्ये मोठे डॅनिश सैन्य ईस्ट अँग्लियात उतरले. पुढच्याच वर्षी यॉर्क पडले. ८६९ मध्ये ईस्ट अँग्लियाचा राजा एडमंड मारला गेला. इंग्रजी इतिवृत्तातील ८७६ ची नोंद मात्र निराळी आहे : हाफडानने नॉर्थम्ब्रियाची जमीन आपल्या लोकांत वाटली आणि ते नांगर धरून उदरनिर्वाह करू लागले.

३/ ८७८ मध्ये एडिंग्टनच्या लढाईत वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याने डॅनिश नेता गुथ्रमला हरवले. गुथ्रमने बाप्तिस्मा घेतला. आल्फ्रेड त्याचा धर्मपिता झाला. पुढे ईस्ट अँग्लियाचा राजा म्हणून गुथ्रमने आपल्या नव्या ख्रिस्ती नावाने नाणी पाडली. ८९० मध्ये तो वारला. त्यानंतर काही वर्षांतच त्याच डॅनिश राज्यात ‘संत एडमंड’ अशी अक्षरे असलेली नाणी निघाली. मारलेला राजा मारणाऱ्यांच्याच मुलखात संत ठरला होता.

४/ उत्तर व पूर्व इंग्लंडच्या या पट्ट्याला पुढे ‘डेनलॉ’ म्हटले गेले. डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी या नावांतील ‘बी’ म्हणजे नॉर्स भाषेतील वस्ती. एग, नाइफ, स्काय, लॉ हे शब्दही नॉर्सच. ‘विंडो’चा मूळ अर्थ वाऱ्याचा डोळा, आपल्या ‘गवाक्ष’ शब्दातही डोळाच दडलेला आहे.

५/ याहून लक्षणीय आहेत ‘दे’ आणि ‘देम’. वस्तूंची नावे भाषा सहज उसनी घेते, सर्वनामे क्वचितच. त्यासाठी एकाच बाजारात, एकाच घरात, पिढ्यान्‌पिढ्यांचा सहवास लागतो.

६/ तरीही हा सहवास निर्धोक नव्हता. ९८० नंतर नव्या स्वाऱ्या सुरू झाल्या आणि संशय शेजाऱ्यांवर आला. १३ नोव्हेंबर १००२ रोजी राजा एथेलरेडच्या हुकमाने डॅनिश लोकांची कत्तल झाली. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी चर्चमध्ये आश्रय घेतला, तेव्हा ते चर्चच पेटवण्यात आले. १००४ च्या सनदेत राजाने हे स्वतः नमूद केले आणि त्या लोकांना गव्हात माजलेल्या तणाची उपमा दिली.

७/ ज्यांना तण म्हटले, त्यांच्या पूर्वजांनी सव्वाशे वर्षांपूर्वीच त्या भूमीत नांगर धरला होता. १०१६ मध्ये डॅनिश क्नूट इंग्लंडचा राजा झाला. कालांतराने डॅनिश आणि इंग्रज हा भेदही विरला. त्यांचे शब्द मात्र आजही इंग्रजीच्या प्रत्येक पानावर आढळतात.