गाळलेला बीटा

लोखंडाच्या रूपांना ग्रीक अक्षरांची नावे आहेत: अल्फा, गॅमा, डेल्टा. मधला बीटा गायब. हा मुद्रणदोष नव्हे.

तापत्या लोखंडाचे चुंबकत्व ७७० अंश सेल्सिअसला लोपते. अणूंची मांडणी बदलून गॅमा रूप येते ते ९१२ अंशांना. या दोहोंमधल्या लोखंडाला फ्रेंच धातुवैज्ञानिक फ्लोरिस ऑस्मों यांनी बीटा म्हटले, आणि पाणी दिलेल्या पोलादाच्या काठिण्याचे श्रेयही त्यालाच दिले. वाद बरीच वर्षे चालला. १९२१ साली वेस्टग्रेन यांनी क्ष-किरणांनी तपासले, तर मांडणी अल्फाचीच निघाली. बीटा बाद झाला.

निवाडा रास्तच होता. मात्र त्याच्या ओघात चुंबकत्वही गौण मानले गेले, ही घाई झाली. १९५५ मध्ये क्लॅरेन्स झेनर यांनी दाखवले की अल्फाची मांडणी टिकते ती मुख्यतः चुंबकत्वाच्याच बळावर. पुढे १९६०च्या दशकात स्वेर्दलोव्स्क येथे सादोव्स्की आणि सहकाऱ्यांनी तीव्र चुंबकीय क्षेत्रात पोलाद थंड केले. गॅमापासून निपजणारे मार्टेन्साइट, म्हणजे पाणी दिलेल्या पोलादाचे ते कठीण रूप, चुंबकीय असते. गॅमा तसे नसते. बाहेरचे क्षेत्र चुंबकीय रूपाचे पारडे जड करते आणि रूपांतर अधिक तापमानालाच सुरू होते. लाभ तुटपुंजा, एका टेस्लामागे जेमतेम काही अंशांचा. घरातला चुंबक लावून विळीला धार यायची नाही!

ऑस्मों १९१२ सालीच वारले होते. वेस्टग्रेनची क्ष-किरणचित्रेही त्यांनी पाहिली नाहीत.