नस जाळण्याआधी

आजीचा गुडघा गेली आठ वर्षं दुखतोय. हृदय कमजोर, त्यामुळे सांधा बदलणं बाद. डॉक्टरांनी दुसरा मार्ग सुचवला: दुखणं वर पोचवणाऱ्या नसाच जाळू या. घरी आल्यावर आजीनं विचारलं, "अरे, नस जाळली की पाय लुळा नाही ना पडायचा?"

माझी शंका वेगळी होती. प्रोग्रॅममधली चूक तशीच ठेवून फक्त एरर मेसेज बंद करणाऱ्याला आमच्याकडे कुणी शाबासकी देत नाही. म्हणून या उपचाराचा इतिहास शोधायला बसलो.

आजीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर लंडनचे शल्यविशारद जॉन हिल्टन यांनी १८६०च्या दशकात दिलेलं आहे. सांधा हलवणाऱ्या स्नायूला जी नस जाते, तिचीच फांदी त्या सांध्यालाही जाते. म्हणजे जाळायची ती फांदी, खोड नाही. म्हणूनच जाळण्याआधी सुईतून हलका विद्युतप्रवाह देऊन बघतात. पायाचा स्नायू उडाला तर सुई हलवायची.

यंत्रही जुनंच. अतिजलद उलटसुलट होणारा प्रवाह शरीरातून गेला तरी स्नायू आखडत नाहीत, हे फ्रान्समध्ये दार्सोनव्हाल यांनी १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं. त्या तत्त्वावर मेंदू आणि नसांच्या शस्त्रक्रियेसाठी नेमकी उष्णता देणारी यंत्रं १९५०च्या दशकात बॉस्टनमध्ये तयार झाली. गंमत म्हणजे सुई स्वतः तापत नाही. टोकाभोवतालची ऊती तापते आणि सुई तिचं तापमान मोजत राहते.

खरी गोष्ट मात्र पाठदुखीची आहे. १९७१च्या सुमारास रीस नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी कातडीतून पातळ सुरी घालून मणक्यांच्या सांध्यांच्या नसा कापायला सुरुवात केली आणि जवळजवळ शंभर टक्के यशाचा दावा केला. अमेरिकेत नॉर्मन शीली यांना सुरीनं होणारा रक्तस्राव पटेना. त्यांनी सुरीच्या जागी विद्युतसुई आणली. मग निकोलाय बोग्डुक यांनी शवविच्छेदन करून तपासलं, तर रीस यांची सुरी त्या नसांपर्यंत पोचतच नव्हती! शीली यांनी ठरवलेल्या जागाही चुकलेल्या होत्या. मग इतक्या लोकांना बरं कशानं वाटलं? पाठदुखी आपोआप कमीजास्त होते, आणि काहीतरी मोठं केलंय या भरवशाचाही गुण येतो. न कापलेल्या नसेचं श्रेय सुरीला मिळालं होतं.

त्यामुळे गुडघ्याच्या बाबतीत मी आधी हेच पाहिलं, की खोट्या उपचाराशी तुलना कुणी केली का. केली होती. दक्षिण कोरियात चोई आणि सहकाऱ्यांनी ३८ रुग्ण घेतले आणि २०११ साली निष्कर्ष छापले. निम्म्यांच्या तीन नसा ७० अंशांवर ९० सेकंद तापवल्या. उरलेल्यांना सुई टोचली, पण नस जाळली नाही. बारा आठवड्यांनी पहिल्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणांचं दुखणं किमान अर्ध्यानं कमी झालेलं होतं. ३८ हा आकडा छोटा आहे, पण तुलना प्रामाणिक आहे. शिवाय यात तेच रुग्ण होते, ज्यांना नस तात्पुरती बधिर करून आधीच आराम पडला होता. २०१७ साली अमेरिकेच्या एफडीएनं अशा एका यंत्राला गुडघ्याच्या संधिवातासाठी मान्यता दिली. आणि मग, पाठीसारखंच, शवविच्छेदनवाले आले: या फांद्या माणसागणिक जागा बदलतात, सुईच्या खुणा सुधारा.

एरर मेसेजचा आक्षेप मात्र उरतोच. झिजलेली कूर्चा तशीच राहते, आणि काही महिन्यांनी नस पुन्हा वाढली की दुखणंही परत येऊ शकतं. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तेवढ्यात गावच्या देवळाच्या पायऱ्या चढून होतील."

गेल्या गुरुवारी तिला बधिर करण्याची चाचणी-सुई दिली. तासाभरानं ती कठडा धरून दवाखान्याचा एक जिना उतरली, वर बघितलं, आणि मला म्हणाली, "परत चढायला लावू नकोस. रिक्षा इथंच बोलाव."