पळसदेव: पाण्याखाली गेलेला नकाशा

मागच्या उन्हाळ्यात तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एक रील पाठवली होती. चारी बाजूंना भेगाळलेला गाळ, मध्ये दगडी मंदिर आणि खाली कॅप्शन: 'धरणातून वर आलेलं मंदिर'. आज त्याच मंदिराबद्दल बोलूया. पण एकट्या मंदिराबद्दल नाही, त्याच्या आजूबाजूला काय होतं याबद्दल.

पुणे-सोलापूर हायवेने भिगवण सोडून इंदापूरकडे निघालात की पळसदेव लागतं. हायवेवरचं हे गाव नवं. जुनं गाव भीमेच्या काठी होतं, पळसनाथाच्या मंदिराभोवती. भीमेवर उजनी धरण झालं, १९८० मध्ये ते पूर्ण झालं आणि जुनं पळसदेव पाण्यात गेलं. माणसं वर सरकली, देवाची स्थापना नव्या गावात झाली. दगडी मंदिर मात्र जागेवरच राहिलं.

उजनीची क्षमता साधारण ११७ टीएमसी. त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे कालव्यात न येणारं पाणी. एरवी उन्हाळ्यात फार तर शिखर दिसतं. मृतसाठाही बराच खाली गेला की मग अख्खं मंदिर उघडं पडतं. थोडक्यात, आपल्याला मंदिर बघायला मिळतं तेव्हा शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी नसतं. हे लक्षात ठेवूनच तिथे जायचं.

आता जरा रोमला जाऊन येऊ. रोमन फोरम, म्हणजे त्या शहराचा मुख्य चौक, मुळात टेकड्यांमधली दलदल होती. रोमन लोकांनी मोठा नाला काढून पाणी काढलं, जमीन कोरडी केली आणि तिथे देवळं, सभागृह, भाषणाचा चौथरा असं सगळं उभं केलं. मधून गेला पवित्र मार्ग, विजयाच्या मिरवणुकीचा रस्ता. कोण कुठून येणार, आधी काय दिसणार, हे त्या मांडणीतच होतं. साम्राज्य गेलं, फोरम मातीत गाडला गेला आणि पुढे तिथे गुरं चरायला लागली. गंमत बघा, रोमने पाणी काढून चौक बनवला आणि आपल्याकडे चौकात पाणी आलं!

१८९९ मध्ये जाकोमो बोनी नावाच्या संशोधकाला तिथे काळ्या फरसबंदीखाली एक कोरीव लेख असलेला दगड सापडला, इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकातला. तो दगड उचलून कुणी बंगल्याच्या बागेत ठेवला असता तर? अक्षरं तीच राहिली असती. पण तो सभेच्या जागेशेजारी, सभागृहासमोर होता, म्हणून त्याला अर्थ आहे. म्हणजे जागा हासुद्धा पुरावाच असतो.

आपल्या गावांचंही तसंच आहे. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात: पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे पिकाची. नदीकाठी शिवाचं देऊळ, समोर नंदी आणि देवळाजवळ किंवा वेशीबाहेर वीरगळ. वीरगळ खालून वर वाचायचा: खाली लढाई आणि मरण, मध्ये अप्सरा वीराला वर नेतायत, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. शेजारच्या शिळेवर बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात दिसला तर ती सतीशिळा. कोण कशासाठी मेलं आणि गावाने कुणाची आठवण कुठे ठेवली, हे दगडाच्या जागेवरून कळतं.

ही मांडणी जिवंत बघायची असेल तर बारामतीला जा. कऱ्हेच्या काठी सिद्धेश्वराचं मंदिर, जवळच बाबूजी नाईकांचा वाडा. हे नाईक म्हणजे पेशव्यांचे सोयरे आणि सावकार. त्यांच्याच आश्रयाने मोरोपंत (१७२९–१७९४) इथे राहिले आणि त्यांनी आर्या रचल्या. देव, पैसा आणि कविता, तिन्ही एका नदीकाठी! वाड्यापासून देवळापर्यंत चालत गेलात तरी अठराव्या शतकातलं गाव कसं चालायचं, याचा अंदाज येतो.

पळसदेवला ते चालणं तुटलंय. म्हणून पाणी उतरल्यावर जे काही उघडं पडतं, ते खूप मोलाचं असतं. आणि तेव्हाच आपण काय करतो? शिखरावर चढतो, दगडावर नाव कोरतो, सुटा पडलेला कोरीव तुकडा 'चांगला दिसतोय' म्हणून डिकीत टाकतो. धरणाने गाव बुडवलं, पण नकाशा तरी जागेवर ठेवला. तो दगड उचलणारा मात्र नकाशाच पुसतो.

तर एक काम करा. पुढच्या वेळी गेलात तर पहिला फोटो मंदिराचा नको. थोडं लांब उभे राहा आणि देऊळ, सुटे दगड, नदीचं पात्र, सगळं एका फ्रेममध्ये घ्या. दगड हलवू नका, फोनचं लोकेशन चालू ठेवा. आणि नव्या गावात थांबून एखाद्या आजोबांना विचारा, "तुमचं घर देवळाच्या कुठल्या अंगाला होतं?" ते हाताने दिशा दाखवतील. ती लिहून ठेवा, कारण जुनं गाव पाहिलेली माणसं आता थोडीच उरलीत.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत तुमच्या गावातला एखादा वीरगळ कुठे उभा आहे, ते बघून आम्हाला कळवा!