कोल्हापूरच्या चित्रपरंपरेतील बारकावा आणि अंतर

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक मंडळ्यांसाठी जे पडदे रंगविले, त्यांमागे चित्रातील बारकावा पाहणाऱ्याच्या अंतरावर अवलंबून असतो, हे ज्ञान होते. निरोगी डोळा अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनापर्यंतचे तपशील वेगळे ओळखतो. म्हणजे ३० सेंटिमीटरवर सुमारे ०.०९ मिलिमीटर, तर १० मीटरवर जवळजवळ ३ मिलिमीटर. त्याहून बारीक कुंचलाकाम मागच्या प्रेक्षकाच्या दृष्टीने वायाच जाते.

आनंदरावांच्या १९१६ मधील निधनानंतर बाबूरावांनी स्वदेशी कॅमेरा पूर्णत्वास नेला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' प्रदर्शित केला, तेव्हा हाच प्रश्न उलट बाजूने उभा राहिला. ३५ मिलिमीटर फितीवरील चौकट केवळ २४ मिलिमीटर रुंद असते. ती ६ मीटरच्या पडद्यावर टाकली की सर्व काही अडीचशे पटींनी वाढते, आणि फितीवरील चांदीच्या कणांचा ०.०१ मिलिमीटरचा पुंजका पडद्यावर २.५ मिलिमीटरचा होतो. दहा मीटरवर बसलेल्याला तो जेमतेम लपतो, पुढच्या रांगेतल्याला मात्र खुपतो. पडदे रंगविणाऱ्या हातांनीच पुढे चित्रपट घडवावा, हा योग त्यामुळे केवळ कलेचा नव्हे, तर दृष्टीच्या शिस्तीचाही मानला पाहिजे.

छापील चित्राची अडचण निराळी होती, कारण शाई एकतर उमटते किंवा उमटत नाही, तिला करडा रंग ठाऊक नसतो. म्हणून छायाचित्र जाळीतून लहानमोठ्या ठिपक्यांत फोडून जस्ताचा ठसा, म्हणजे हाफटोन ब्लॉक, तयार केला जाई. शाई पसरणाऱ्या वृत्तपत्री कागदासाठी इंचाला ६५ ते ८५ ओळींची जाळी पुरे असे, तर गुळगुळीत आर्ट पेपरवर १३३ किंवा १५० ओळीही टिकत.

आज कोल्हापूरच्या चौकांत ज्या फलकांना सर्रास 'डिजिटल' म्हटले जाते, त्या फलकांवरही हेच गणित चालते. हजार बिंदू रुंदीचे छायाचित्र दहा फुटांच्या फ्लेक्सवर ताणले, तर एकेक बिंदू ३ मिलिमीटरचा होतो, जो १० मीटरवरून जेमतेम खपतो, पण २ मीटरवर चेहऱ्याचे चौकोन करून टाकतो. यंत्र कितीही बारीक शाई फवारो, छायाचित्र घेताना जे टिपलेच गेले नाही, ते छपाईत कोठून येणार?