बिऱ्हाड हलवणारे

मराठी माणूस घर बदलत नाही, बिऱ्हाड हलवतो; आणि ज्या भाषेने विंचवाचे बिऱ्हाडसुद्धा नजरेतून सुटू दिले नाही, तिने माणसांची बिऱ्हाडे ज्यांच्या पाठीवरून गेली त्या पाठींची नोंद ठेवण्यात मात्र मोठी कंजुषी केली आहे. राजवाड्यांच्या स्थपतींची नावे दफ्तरांत व गॅझेटियरांत सापडतात. त्या राजवाड्यांतले पलंग, आरसे आणि हंड्या-झुंबरे ज्यांनी जिन्याने वर चढवली, ते कीर्द-खतावणीत 'हमाली' या एका शब्दाखाली गडप झाले.

मी बडोद्याच्या वाडीत वाढलो. मांडवीपासून दक्षिणेकडे निघून गेंडीगेट ओलांडले, की कोटाबाहेरची ही वस्ती लागते. रंगमहालासारखी नावे अजून तिला चिकटून आहेत, आणि गायकवाडी अमलात आलेली मराठी घराणी, गुजराती वाणी-सोनार व मुसलमान कारागीर एकमेकांच्या भिंतींना भिंती लावून तेथे राहत आलेले आहेत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन-तीन हातलाऱ्या दांड्या वर करून उभ्या असत, आणि कोणाच्या घरी बदली, वाटणी किंवा घरमालकाशी तंटा झाल्यास ते नातेवाइकांच्या आधी लारीवाल्यांना कळे, कारण भाड्याची चौकशी करायला घरचा माणूस प्रथम तेथेच जाई.

या धंद्याचे मूळ शोधू गेल्यास मला ते लाकडी सामानात नव्हे, कापडात सापडते. मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेत जे अठरा कारखाने मानले जात त्यांत फरासखाना हा एक असे: डेरे, राहुट्या, कनाती, जाजमे व गालिचे यांची निगा राखणे, मुक्कामावर ते उभारणे-अंथरणे आणि कूच होताच गुंडाळून लादणे हे फरासांचे काम. गायकवाडांचे राज्य तर मुळात छावणीतून उभे राहिलेले. पिलाजीराव आणि त्यांचे पुत्र दमाजीराव यांच्या मोहिमांच्या काळात, 1734 साली बडोदे कायमचे हाती आले तेव्हा आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे, दरबार म्हणजे सकाळी उंटांवर व बैलांवर चढून संध्याकाळी चार कोसांवर पुन्हा भरणारी चीज होती. लष्करामागून चालणाऱ्या अशा बिनलढाऊ लोकांना बुणगे म्हणत, आणि पानिपतच्या कथेत हा शब्द नेहमी दोष देतानाच येतो. परंतु बुणग्यांवाचून सरदारांना रात्री डोक्यावर छप्पर आणि पायाखाली सतरंजी कोणी दिली असती, हे त्या कथेच्या सांगणाऱ्यांपैकी फारसे कोणी विचारीत नाहीत. फरासाच्या शेजारी भोई. पालखीच्या भोयांची पावले पलटणीतल्या शिपायांप्रमाणे एकदम पडत नसत. पडली असती तर आतला मानकरी हिंदकळून बेजार झाला असता. चौघांनी एकाच ओझ्याखाली राहावयाचे आणि तरीही पाऊल ज्याचे त्याने वेगळे टाकावयाचे, ही जी विद्या, ती मी पुढे लारीवाल्यांत पाहिली.

घरोघरचे सामान मात्र त्या काळी हलवण्याजोगे फार नसे. बैठकीला गादी, लोड, तक्के. जेवायला पाट, पूजेला चौरंग. कपड्यांना पेटारा किंवा संदूक. फडताळे भिंतीतच कोरलेली, आणि ती भिंतीबरोबर मागे राहत. एका बैलगाडीत संसार मावे. खुर्ची, टेबल, आरशाचे कपाट आणि लिहिण्याचे मेज ही मंडळी मध्यमवर्गीय मराठी घरात आली ती इंग्रजी शिक्षण व कचेरी यांच्या पाठोपाठ, आणि बडोद्यात या स्थित्यंतराला गती आली ती 1875 साली सयाजीराव गादीवर आल्यानंतर. 1890 साली लक्ष्मीविलास राजवाडा पुरा झाला आणि त्याच साली कलाभवन या कलाकौशल्ये शिकवणाऱ्या संस्थेची स्थापना झाली. राजवाड्यातले सामान खानगी खात्याच्या ताब्यात, त्याची व्यवस्था सरकारी. शहरातल्या कारकुनाची खुर्ची मात्र त्याची स्वतःची, आणि ती उचलायला माणूस पाहिजे तो रोजंदारीचा. बडोद्यातला हा धंदा खऱ्या अर्थाने येथून सुरू झाला असे मी समजतो.

त्यात भर पडली ती बदल्यांची. संस्थानाचा मुलूख एकसलग नव्हता; बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे प्रांत तुटक पसरलेले, त्यांवर सुभे आणि महालांवर वहिवाटदार, आणि या सर्वांच्या हाताखालचे कारकून हुजूर हुकूम सुटला की बिऱ्हाड उचलून अमरेलीला नाही तर नवसारीला निघत. रेल्वे 1861 साली बडोद्यापर्यंत आली होती, आणि पुढल्याच वर्षी संस्थानाने डभोई ते मियागाम अशी जी अरुंद रुळांची वाट घातली तिच्यावरचे डबे प्रथम बैल ओढीत, कारण इंजिनाचा भार सोसण्याइतके ते रूळ भक्कम नव्हते. रुळांवरून बैल चालवणारे संस्थान म्हणून कोणी हसेल तर हसो. घरातून स्टेशनापर्यंतचा रस्ता रेल्वे येऊनही पुढे शंभर वर्षे बैलाच्या नाही तर माणसाच्याच अंगावर राहिला, हे त्याने ध्यानात घ्यावे.

बिऱ्हाडाच्या इतिहासात बडोद्याच्या नावावर एक काळी नोंद आहे, आणि ती वगळून हे लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. 1917 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी येथे आले, तेव्हा या सबंध शहरात त्यांचे सामान ठेवायला उंबरठा मिळाला नाही; पारशांच्या ज्या पथिकाश्रमात त्यांनी आसरा घेतला होता तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना हुसकले, आणि मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले. परदेशी विद्यापीठात शिकून आलेल्या माणसाची ही गत, तर ओझेवाल्यांची काय असणार? माझ्या लहानपणीसुद्धा बिऱ्हाड हलवताना देवघर आणि स्वयंपाकघरातील भांडी घरच्या माणसांनीच उचलावयाची, हा दंडक आमच्या घरात होता. हमालांना माजघरापर्यंत मुभा, त्यापुढे नाही. ते त्याबद्दल काही बोलत नसत. बाहेर ओट्यावर बसून बिडी ओढीत आणि आजी देव हलवण्यात जो वेळ घालवी तो निमूटपणे मोजीत.

टोळी बहुधा चौघांची. एक लारीच्या दांड्यांत, दोघे मागून रेटायला आणि चौथा बाजूने, दोरावर हात ठेवून. हा चौथा म्हणजे मुकादम, आणि तो कमी कष्ट करतो असे आम्हा मुलांना वाटे. वास्तविक सारी अक्कल त्याची. जड नग मागे पडला तर लारी उलाळते आणि दांड्यांतला माणूस अधांतरी लोंबतो. पुढे पडला तर त्याचे खांदे उतरतात. म्हणून आसाच्या नेमके वर कपाट, त्याच्या दोन्ही अंगांना ट्रंका, वर उलट्या खुर्च्या आणि खुर्च्यांच्या पायांत वळकट्या, अशी ती रचना, आणि तिच्यावरून काथ्याच्या दोराचे तिढे. आरसा कधीही लारीवर चढत नसे. तो गोधडीत गुंडाळून एक जण डोक्यावर चुंबळ ठेवून वेगळा चालत नेई, आणि वाटेत त्याच्याशी कोणी बोलावयाचे नाही असा अलिखित कायदा होता.

जिन्यावरचे काम पाहण्यासारखे असे. आमच्या वाड्याचा जिना इतका अरुंद, की लोखंडी कपाट आडवे घ्यावे तर भिंतीला अडे आणि उभे घ्यावे तर तुळईला. खालचा गडी पाठ देई, म्हणजे कपाटाकडे पाठ करून, दोर कपाळावरून घेऊन, एकेक पायरी तळव्याने चाचपीत उतरे. वरचे दोघे दोर सैल सोडीत. आणि ज्याला पुढचे काही दिसत नाही तो खालचा गडी सर्वस्वी मुकादमाच्या आवाजावर चाले. तो आवाज गुजरातीत येई: "हळवे... हळवे... खूणो संभाळ... जवा दे." मराठीत हळवा म्हणजे चटकन डोळ्यांत पाणी येणारा, आणि गुजरातीत हळवे म्हणजे सावकाश; दोन्ही भाषा एकाच अंगणात ऐकणाऱ्या मला बरीच वर्षे असे वाटत होते, की मुकादम कपाटाची समजूत घालतो आहे. एकदा वरच्या गड्याचा हात दोरावरून सुटला. खालच्याने कपाट सोडले असते तर तो स्वतः वाचला असता. त्याने ते पाठीवर धरून ठेवले, बाकीचे तिघे एकदम धावले, आणि मग अर्धा तास चौघेही खालच्या पायरीवर बसून एकमेकांना अशा शिव्या देत होते, की आईने आम्हाला आत बोलावून घेतले. त्या दिवशीची मजुरी चौघांत सारखी वाटली गेली. ज्याचा हात सुटला त्याचा वाटा कमी झाला नाही.

1 मे 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि 1960 साली याच तारखेला बडोदे गुजरातच्या वाट्याला गेले. या दुसऱ्या घटनेचा हमालांवर झालेला परिणाम सहसा कोणी सांगत नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथ्यावर ओझे वाहणाऱ्यांची संघटना उभी केली, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभारली, आणि 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. गुजरातेत तशा धर्तीचा कायदा यायला 1979 साल उजाडले. खरे पाहता दोन्हीकडे कायद्याची नजर बाजार, गोदाम आणि मालधक्का यांवर होती. ज्याचा मालक दररोज बदलतो, ज्याचे काम एका उंबरठ्यापासून दुसऱ्या उंबरठ्यापर्यंत पोचले की संपते, त्याला कोणत्या रजिस्टरात बसवावयाचे, हा पेच राहिलाच.

मग टेम्पो आला. 1958 साली निघालेल्या बजाज टेम्पो कंपनीच्या तीनचाकी गाडीचे नाव मराठीत सर्व मालवाहू गाड्यांना चिकटले, आणि 2005 नंतर टाटांच्या लहान गाडीला लोक छोटा हाथी म्हणू लागले. ज्या शहराने हत्तींचा पीलखाना पाहिला त्या शहरात या नावाची मौज काही वेगळीच. कारखान्यांच्या वसाहती झाल्या, वाडीतली मराठी कुटुंबे कारेलीबाग, मांजलपूर अशा नव्या भागांत जाऊ लागली, आणि लारीवाल्यांपैकी जे तगले ते टेम्पोच्या मागच्या फळीवर उभे राहिले. चाके बदलली, जिने राहिले.

आमचेही बिऱ्हाड शेवटी हलले. सगळ्यात मागे ठेवला होता तो झोपाळा, संखेड्याच्या लाखकामाच्या दांड्यांचा, आजोबांनी हौसेने आणलेला. त्याच्या पितळी कड्या मुकादमाने एकेक सोडवून, कोणती कोणत्या कोपऱ्याची ते कळावे म्हणून चार वेगवेगळ्या चिंध्यांनी बांधल्या. नव्या घरी छताला आकडे ठोकून त्याच क्रमाने अडकवल्या. आणि फळी आडवी झाल्यावर आजीकडे पाहिले. नवे आकडे कितपत पेलतील याची खात्री कोणालाच नव्हती. आजी म्हणाली, "आधी तुम्ही बसा चौघे, मग आम्ही." ज्यांना तिने जन्मभर माजघरापलीकडे येऊ दिले नव्हते, ते चौघे आमच्या झोपाळ्यावर ओळीने बसले, पाय जमिनीला टेकवून, जरा संकोचूनच. मग त्यांतल्या सगळ्यात वयस्कर गड्याने पायाने एक रेटा दिला. कड्या कुरकुरल्या. आकडे टिकले. आजीने आत चहा टाकायला सांगितले, आणि चहा येईपर्यंत ते झोके घेत राहिले.