रेडिओचं लायसन आणि तुटणारं गाणं

मागच्या शनिवारी नगरला गेलो होतो. (शहराचं नाव २०२४ साली अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. पण आमच्या घरात आधीही कोणी अहमदनगर म्हणत नव्हतं, नगरच म्हणायचे, आणि अजूनही तेच म्हणतात.) जाण्याचं कारण एकच. बाबांनी फोनवर शांतपणे सांगितलं होतं की अॅम्प्लिफायर आणि स्पीकर जुन्या बाजारात विचारून आलोय, बरी किंमत येते आहे.

आता याची थोडी पार्श्वभूमी. गेल्या दिवाळीत मी बाबांना एक उद्योग करून दिला. त्यांच्या सगळ्या कॅसेट्स आणि रेकॉर्ड्स संगणकावर उतरवल्या, त्या एका जुन्या लॅपटॉपवर ठेवल्या आणि अॅम्प्लिफायरच्या मागे एक रास्पबेरी पाय जोडला. वाय-फायवरून गाणं माडीवरच्या लॅपटॉपकडून खाली बैठकीच्या खोलीत येणार, बाबांनी फक्त मोबाईलवर बोट ठेवायचं. दोन दिवस छान चाललं. मग मी पुण्याला परत आलो आणि गाणं तुटायला लागलं. कोणी ख्याल आळवत समेवर येतोय आणि नेमकं तिथेच शांतता. पाच सेकंद, कधी दहा. मग पुन्हा सुरू.

तीन महिने अस्मादिक पुण्याहून एकच मंत्र देत होते, "बाबा, राउटर बंद करून चालू करा." शेवटी बाबा म्हणाले, "तुम्ही कंपनीत पण हेच सांगून पगार घेता का रे?"

निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी दीड-दोन तास गाणं ऐकणं एवढीच त्यांची चैन आहे. ती मीच सुधारायला गेलो आणि मीच बिघडवली. त्यामुळे ती जुन्या बाजाराची बातमी ऐकल्यावर बस पकडली.

घर माळीवाड्यात, पणजोबांच्या वेळचं. भिंती काळ्या दगडाच्या, दोन-अडीच फूट जाडीच्या. अशा भिंतींपुढे ५ गिगाहर्ट्झची लहर हात टेकते, हे मला आधीच माहीत होतं, म्हणून दिवाळीतच सगळं २.४ वर ठेवलं होतं. आता बघतो तर शेजारपाजारच्या सात-आठ घरांचे राउटर त्याच पट्ट्यात. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल म्हणजे १, ६ आणि ११, तीनच. आमचा ९ वर बसला होता, म्हणजे दोन्हीकडच्या भांडणात मधोमध. तो १ वर नेला. फरक पडला, पण गाणं तुटायचं ते तुटलंच.

मग केबलच्या शोधात माळ्यावर चढलो, आणि तिथे एका पत्र्याच्या डब्यात आजोबांचं रेडिओचं लायसन सापडलं.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बँकेच्या पासबुकासारखं छोटं पुस्तक. आत दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि तिकिटं चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. घरात रेडिओ ठेवायला परवाना! बिघाड शोधायचं बाजूला राहिलं आणि मी ते पुस्तक घेऊन तिथेच फतकल मारून बसलो.

ही गोष्ट सुरू होते मुंबईत. १९२३ साली बॉम्बे रेडिओ क्लबच्या हौशी मंडळींनी कार्यक्रम प्रक्षेपित करायला सुरुवात केली. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं, उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन. कंपनीचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः लायसनची फी, वर्षाला १० रुपये. त्या काळचे १० रुपये बरं का. लोकांनी काय केलं असेल? रेडिओ घेतला, लायसन घेतलं नाही. कंपनीच्या अख्ख्या आयुष्यात परवानाधारकांचा आकडा १० हजारांपर्यंतही पोचला नाही आणि १९३० साली ती बुडाली. सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. चोरून ऐकण्याची आपली परंपरा सीडी कॉपी करण्यापेक्षा बरीच जुनी आहे तर :)

यावर उपाय म्हणून १९३३ साली इंडियन वायरलेस टेलिग्राफी अॅक्ट आला. आणि गंमत इथे आहे. या कायद्याने बिनतारी यंत्र 'वापरणं' नव्हे, तर परवान्याशिवाय नुसतं 'जवळ बाळगणं' हाच गुन्हा ठरवला. हेतू होता फीचोर पकडण्याचा. पण शब्द इतके व्यापक, की त्यात ऐकणारा रेडिओही आला आणि बोलणारा ट्रान्समीटरही. रेडिओचं लायसन पोस्टात मिळायचं. ट्रान्समीटरची गोष्ट वेगळी, आणि युद्ध सुरू झाल्यावर तर हौशी लोकांचे परवानेही रद्द झाले.

तो काळ आठवायला आमच्या घरापासून फार लांब जावं लागत नाही. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांना अटक झाली आणि कार्यकारिणीच्या बारा जणांना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथे लिहिलं हे शाळेच्या सहलीत प्रत्येकाला सांगतात. मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर' तिथेच लिहिलं आणि त्यातलं एक लांबलचक पत्र संगीतावर आहे, तरुणपणी सतार शिकले त्याबद्दल, हे मात्र मला फार उशिरा कळलं. सुरुवातीचे दिवस त्यांना वर्तमानपत्रंसुद्धा मिळत नव्हती, गाणं तर दूरच.

आणि त्याच महिन्यात, २७ ऑगस्टला, मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. ४२.३४ मीटरवर, 'भारतात कुठून तरी' अशी घोषणा करत. पोलीस लहरींचा माग काढत फिरायचे, म्हणून ट्रान्समीटर एका घरातून दुसऱ्या घरात हलवत राहायचा. नोव्हेंबरमध्ये ते पकडले गेले. ज्या तंत्रज्ञाने यंत्र जुळवून दिलं होतं त्यानेच पत्ता दिला. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या, शिक्षा चार वर्षं.

माझ्या डोक्यावर, माडीच्या कोनाड्यात, राउटर हिरवे दिवे मिचकावत बसला होता. तो काय आहे? ट्रान्समीटरच. लॅपटॉप, मोबाईल, तो रास्पबेरी पाय, सगळेच बोलणारे. आमच्या घरात निदान सहा-सात ट्रान्समीटर असतील आणि लायसन एकाचंही नाही.

हे कधीपासून चालतं? मला वाटायचं वाय-फाय आलं तेव्हापासून. तसं नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जगाने १९४७ सालीच उद्योग, विज्ञान आणि वैद्यकीय यंत्रांसाठी बाजूला काढला होता. तापवणाऱ्या यंत्रांची गळती इथे होऊ दे, संदेशवहनवाल्यांनी इथे आलात तर कुरकुर करायची नाही, असा तो व्यवहार. थोडक्यात, रेडिओलहरींचा उकिरडा. १९८५ साली अमेरिकेने अशा पट्ट्यांत विनापरवाना संदेशवहनाला वाट मोकळी केली, १९९७ साली ८०२.११ हे मानक आलं. आणि आपल्याकडे २.४ चा पट्टा २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाला. तोवर १९३३ चाच कायदा चालू होता. (त्याची जागा घेणारा नवा दूरसंचार कायदा संसदेने थेट २०२३ साली केला.) म्हणजे मी प्राथमिक शाळेत जायला लागायच्या सुमारास हे स्वातंत्र्य मिळालं, आणि कुणी पेढेही वाटले नाहीत.

पण त्या नियमांत एक अट आहे. तुम्ही दुसऱ्याला अडथळा करायचा नाही, आणि तुम्हाला अडथळा झाला तर संरक्षण मागायचं नाही. पट्टा सगळ्यांचा, सामायिक. फी नाही, शिक्का नाही आणि तक्रारीची खिडकीही नाही. बाबांचं गाणं तुटलं तर त्याचा जाब विचारायला जगात एकच माणूस होता आणि तो तीन महिने पुण्याहून 'बंद करून चालू करा' म्हणत होता.

पुस्तक घेऊन खाली आलो. बाबांनी ते हातात घेतलं आणि एकदम खुलले. बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला, शेजारची चार घरं आमच्या ओसरीवर. १९५२ साली बी. व्ही. केसकर माहितीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झालं. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर गीतमाला सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत ध्वनिमुद्रण करायचे, फिती कोलंबोला जायच्या आणि तिथून शॉर्टवेव्हवर गाणं परत आपल्याकडे. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला आली, पण तोवर लोकांची बोटं सिलोनच्या काट्यावर बसली होती.

"ते तरी कुठे धड ऐकू यायचं?" बाबा म्हणाले. "आवाज लाटेसारखा यायचा-जायचा. तुझे आजोबा एरियल इकडून तिकडे हलवायचे. गच्चीवर दोन खुंट्यांना जाळीची पट्टी बांधलेली, तिची वायर खिडकीच्या चौकटीतून आत. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायचं काम माझं."

मी म्हटलं, मग आता पाच सेकंदांनी एवढं काय बिघडलं?

"तेव्हा गाणं बारीक व्हायचं, संपायचं नाही. आपण मनात म्हणत राहायचो. हे तर कापतंच."

यावर मला बोलता येईना, कारण तांत्रिकदृष्ट्या हे शंभर टक्के खरं आहे. शॉर्टवेव्ह आयनोस्फिअरवरून परतते, तो थर हलला की आवाज क्षीण होतो, पण तुटकतुटक का होईना, गाणं असतंच. डिजिटलमध्ये पाकीट आलं तर अख्खं, नाही तर काहीच नाही. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन बाजू, एकूण १४ लाख ११ हजार २०० बिट. ते पोचले नाहीत तर मागच्या साठ्यातून, म्हणजे बफरमधून वाजवायचं. नगरकरांना हे वेगळं सांगायला नको. निजामशाहीत कापूरवाडीसारख्या गावांकडून खापरनळाने शहरात पाणी आणलं ते हौदात साठवायचे. हौद भरलेला असेल तर नळ घटकाभर बंद पडला तरी कळत नाही. माझा हौद दोन सेकंदांचा होता. दहा केला. पण नळ दहा सेकंदांहून जास्त का आटतोय?

तेव्हा बाबांनी एक वही पुढे केली. तीन महिने त्यांनी गाणं कधी तुटलं त्याची नोंद ठेवली होती. तारीख, वेळ, राग, किती सेकंद. मला फोनवर हे सांगायचा त्यांनी प्रयत्न केला होता म्हणे. मी ऐकून घेतलं नव्हतं.

वही बघता बघता चक्र दिसलं. संध्याकाळी सात-सव्वासात, आणि मग साडेआठच्या पुढे. मी लॅपटॉपवरून पिंग लावून बसलो. तीन-चार मिलिसेकंदांत उत्तर येत होतं. सात दहाला आई स्वयंपाकघरात गेली, तिने दूध मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं आणि आकडा चारशेवर. मग उत्तरच नाही. 'टिंग' वाजलं आणि पुन्हा चार. साडेआठनंतर जेवणाची भांडी एकेक करून त्यातच गरम होतात. आणि स्वयंपाकघर नेमकं माडी आणि बैठकीच्या खोलीच्या मधोमध. मी दिवाळीत सगळं जोडलं तेव्हा मायक्रोवेव्ह घरात नव्हता. तो दिवाळीनंतर आला, आईच्या वाढदिवसाला, मीच पाठवला होता!

मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. आतली शक्ती शेकडो वॅट, राउटर वॅटच्या दहाव्या भागाच्या आसपास, म्हणजे थोडीशी गळतीही पुरते. पण खरी खोच पुढे आहे. घरातली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो २० मिलिसेकंदांत १० ओरडतो आणि १० गप्प बसतो. त्या १० मध्ये पाकीट सहज निघून जायला हवं. पण आमचा जुना राउटर पाकिटं हरवायला लागली की 'सिग्नल वाईट आहे' असं समजून सावकाश बोलायला लागायचा, अगदी १ मेगाबिटपर्यंत. १,५०० बाइटचं पाकीट त्या वेगाने जायला १२ मिलिसेकंद लागतात. १० च्या फटीत १२ कसे मावणार? तो जितका समजूतदारपणे हळू बोलेल तितका हमखास चिरडला जाणार. ते जुने सावकाश वेग सेटिंगमधून बंद केले. अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं काम केबलने. सरळ पंधरा मीटर इथरनेट केबल आणली. दगडी भिंतीला भोक पाडायला ड्रिल कुठून आणायचं याचा विचार करत होतो, तर बाबा मला माडीच्या खिडकीपाशी घेऊन गेले. चौकटीच्या कोपऱ्यात कापडाच्या बोळ्याने बुजवलेलं एक भोक होतं. आजोबांच्या एरियलचं. पुढची प्लगची पिन त्यातून जाईना, म्हणून केबल कापली, ओवली आणि पलीकडे पुन्हा नवी पिन बसवली. बाहेरच्या भिंतीवरून खाली, बैठकीच्या खोलीत.

रविवारी संध्याकाळी सातला बाबा बसले. आईने मुद्दाम दूध मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं, दोनदा. मी बसस्टँडवर पोचलो तेव्हा बाबांनी वहीचं पान मोबाईलवर फोटो काढून पाठवलं होतं. तारीख, ७.०० ते ८.४०, तुटलं नाही. खाली वेगळ्या शाईत: डाव्या स्पीकरमध्ये खरखर आहे, पुढच्या शनिवारी बघणे.