पिणं चालू, पाजणं बंद: बिअर ठेवून दारू आवरण्याचा एक जुना प्रयोग

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा भाग इथे लिहून देतोय. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बघा' थोडे कमी केलेत. सगळे नाही.

मराठीत 'पिणं' हे एक क्रियापद आहे आणि 'पाजणं' हे दुसरं. बाळाला दूध पाजतात, पाहुण्याला चहा पाजतात आणि प्रमोशन झालं की मित्रांना बिअर पाजतात. पिणाऱ्याबद्दल आपण भरपूर बोलतो. त्याला कंट्रोल हवा, स्वतःचं लिमिट कळायला हवं, वगैरे. पाजणाऱ्याबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. आजची गोष्ट अशा एका सरकारची आहे, ज्याने पिणं चालू ठेवलं आणि पाजणं हा गुन्हा ठरवला. साल १९१५, देश ब्रिटन.

हा विषय का निवडला, तर मला बिअर आवडते. गार, थोडी कडवट, समोर खारे शेंगदाणे आणि बोलायला चार माणसं. हे सोडायचं नाही आणि वाढूही द्यायचं नाही, असं ठरवलं की दोनच सल्ले मिळतात. एक, "सोडून दे कायमची." दुसरा, "अरे बिअरच तर आहे!" मला यांच्या मधलं काहीतरी हवं होतं. म्हणून इतिहासात शोधलं, की हा मधला रस्ता कोणी चालून पाहिलाय का. (तुमचं कायद्याने ठरवलेलं वय पूर्ण नसेल, तर हा भाग फक्त इतिहास म्हणून ऐका.)

बिअर म्हणजे चांगलं पेय!

आधी थोडं मागे जाऊ. अठराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात लंडनला जिनचं वेड लागलं होतं. जिन स्वस्त होती, कडक होती आणि कुठेही मिळायची. सरकारने १७३६ मध्ये जबरदस्त कर आणि महागडं लायसन्स लावून पाहिलं. झालं काय, तर विक्री चोरून सुरू राहिली आणि काही वर्षांत तो कायदा गुंडाळावा लागला. मग १७५१ मध्ये जास्त व्यवहारी कायदा आला. त्याच वर्षी विल्यम होगार्थ या चित्रकाराने दोन चित्रं छापली. 'जिन लेन'मध्ये नशेत बसलेल्या बाईच्या हातून तिचं मूल खाली पडतंय आणि गहाणवट घेणारा सावकार गब्बर झालाय. शेजारच्या 'बिअर स्ट्रीट'मध्ये सगळे धष्टपुष्ट आणि कामात मग्न आहेत, आणि तिथे कंगाल कोण, तर तोच सावकार!

म्हणजे त्या काळी बिअर हा दारूवरचा उपाय होता. ही समजूत पुढे ऐंशी वर्षं टिकली. १८३० मध्ये ब्रिटनने कायदाच केला, की कर भरणाऱ्या कुठल्याही घरमालकाने दोन गिनी भरून लायसन्स घ्यावं आणि खुशाल बिअर विकावी. लोक जिनकडून बिअरकडे वळतील अशी आशा होती. पहिल्या काही महिन्यांतच हजारो बिअरघरं उघडली. कोणाच्या बैठकीच्या खोलीत, कोणाच्या तळघरात.

आणि लोक बिअर पिऊनच पडायला लागले.

तोपर्यंत व्यसनविरोधी संस्थांची शपथ साधी असायची. कडक दारू सोडा, बिअर बेताने घ्या. १ सप्टेंबर १८३२ ला प्रेस्टन गावात जोसेफ लिव्हसी आणि त्याच्या सहा साथीदारांनी नवी शपथ घेतली, की आता काहीच नाही, बिअरसुद्धा नाही. बिअरमध्ये पोषण किती कमी असतं हे सांगत लिव्हसी पुढे गावोगाव व्याख्यानं देत फिरला. चळवळीत तिथे फाटा फुटला. एका बाजूला 'बेताने' वाले, दुसऱ्या बाजूला 'अजिबात नाही' वाले.

प्रामाणिकपणे सांगायचं तर 'बेताने' वाल्यांकडे एक उत्तर नव्हतं. बेताने म्हणजे किती? आणि ते रोज संध्याकाळी ठरवायचं कोणी? दोन ग्लास पोटात गेलेल्या माणसाने?

युद्ध आलं आणि सरकार टेबलाशी येऊन बसलं

आता १९१५. पहिलं महायुद्ध चालू आहे. दारूगोळ्याच्या कारखान्यांत माणसं सोमवारी कामावर येत नाहीत, जहाजांची कामं रखडताहेत. लॉईड जॉर्ज हा बडा मंत्री भाषणात म्हणाला, की जर्मन पाणबुड्यांपेक्षा आपलं जास्त नुकसान दारू करतेय. राजा पाचव्या जॉर्जने आपल्या राजवाड्यात युद्ध संपेपर्यंत दारू बंद केली. पण सगळ्या देशावर बंदी घालायची हिंमत कोणाचीच नव्हती. कामगाराची बिअर काढून घेतली तर तो बंदुकीच्या गोळ्या बनवणार होता का?

मग मे १९१५ मध्ये एक मंडळ नेमलं, सेंट्रल कंट्रोल बोर्ड. लॉर्ड डॅबर्नन त्याचे अध्यक्ष. या मंडळाने माणसाच्या मनाला हात लावला नाही. त्याने टेबल बदललं. कसं, ते बघा.

पहिलं, वेळ. युद्धाआधी लंडनचे पब पहाटे पाचपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत उघडे असायचे. मंडळाने ते दिवसाला साधारण साडेपाच तासांवर आणले. थोडा वेळ जेवणाच्या सुमारास, थोडा संध्याकाळी, आणि मध्ये सक्तीची सुट्टी. दुपारी बसलेल्या माणसाला उठावंच लागायचं. आणि एकदा उठला की तो बहुतेक वेळा घरी किंवा कामावर जायचा.

दुसरं, उधारी बंद. खिशात आहे तेवढंच प्या.

तिसरं, वरचं माप बंद. गिऱ्हाईक टिकवायला पबवाले पाइंट भरून वर थोडी जास्त ओतायचे. त्यावरही मनाई आली.

आणि चौथं, आपलं पाजणं. ऑक्टोबर १९१५ मध्ये लंडनला हुकूम लागू झाला, की पबमध्ये दुसऱ्याच्या पेयाचे पैसे भरायचे नाहीत. ज्याने त्याने आपलं आपण घ्यायचं. जेवणाबरोबर यजमानाने दिलेलं चालेल, नुसतं पाजणं चालणार नाही. साउथॅम्प्टनमध्ये एका नवऱ्याने बायकोसाठी वाइनचा ग्लास घेतला म्हणून कोर्टाने त्याला दंड केला, अशी बातमी १९१६ मध्ये पेपरात आली होती.

हसू येतं ना? मलाही आलं. पण मग आपली बैठक डोळ्यांसमोर आणा. पाच जण बसलेत. पहिला म्हणतो, "आज माझ्याकडून." आता पाचही जणांवर एकेक राउंड बसला. ज्याला एक पुरे होती त्याच्या पोटात पाच जाणार, कारण मध्येच उठला तर तो 'फुकट पिऊन पळाला'. ज्याचा पगार सगळ्यात कमी आहे, तोही आपला राउंड देणार, महिनाअखेर असली तरी. आणि सगळ्यात वेगाने पिणारा जो कोणी असेल, त्याच्या वेगाने सगळं टेबल पिणार. यात कोणाला जास्त प्यायची हौस नसते. प्रत्येक जण फक्त वाईट दिसायचं टाळत असतो. मंडळाला नेमकं हे कळलं होतं. 'नाही' म्हणायला लाजणाऱ्या माणसाला त्यांनी एक कारण दिलं. "कायदा आहे भाऊ, मी काय करू?"

पातळ बिअर आणि सरकारी पब

दोन गोष्टी अजून. युद्धात धान्य कमी पडलं, म्हणून १९१७ मध्ये बिअरचं उत्पादन कापलं गेलं आणि बिअर पातळ होत गेली. युद्धाआधी साधारण पाच टक्क्यांच्या आसपास असलेली बिअर १९१८ पर्यंत तीन टक्क्यांच्या जवळ आली. लोकांनी शिव्या घातल्या. पण ग्लास तेवढाच होता, कडवटपणा होता, गप्पाही होत्या.

दुसरी गोष्ट कार्लाइल शहराची. शेजारी ग्रेटना इथे दारूगोळ्याचा प्रचंड कारखाना होता आणि हजारो मजूर पगार घेऊन शहरात यायचे. १९१६ मध्ये सरकारने तिथले पब आणि बिअरचे कारखानेच ताब्यात घेतले. पबच्या मॅनेजरला ठरलेला पगार, त्यामुळे बिअर जास्त विकून त्याचा काही फायदा नाही. जेवणाची सोय वाढवली, बसायला नीट जागा केल्या, आणि शनिवारी, म्हणजे पगाराच्या आनंदात, कडक दारू बंद. हा युद्धकाळातला तात्पुरता प्रयोग १९७० च्या दशकापर्यंत चालला!

फरक पडला का?

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९१३ साली दारू पिऊन गोंधळ घातल्याबद्दल सुमारे १ लाख ८९ हजार शिक्षा झाल्या होत्या. १९१८ मध्ये हा आकडा सुमारे २९ हजार होता.

लगेच कोणीतरी म्हणेल, "अरे, पुरुष सगळे आघाडीवर होते!" बरोबर आहे. म्हणून बायकांचा आकडा बघायचा. त्या आघाडीवर नव्हत्या, उलट त्यांच्यातल्या अनेकजणी स्वतःचा पगार हातात घेत होत्या. त्यांच्या शिक्षाही सुमारे ३५ हजारांवरून ७ हजारांवर आल्या. अर्थात, यातलं किती श्रेय वेळेला, किती पातळ बिअरला, किती महागाईला, हे वेगळं काढता येत नाही. सगळं एकदम घडत होतं. पाजण्यावरची बंदी युद्धानंतर उठली. दुपारची सुट्टी मात्र इंग्लंडमध्ये १९८८ पर्यंत राहिली.

आपल्याकडे उलटं झालं

आता मुंबईत येऊ. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. मोरारजी देसाईंचा त्यामागे मोठा आग्रह होता. इथे सरसकट पिण्यावरच बंदी आली, परमिट असेल तेवढीच सूट. मग शहरात काय उरलं? हातभट्टी आणि आंटीचे अड्डे. विचार करा, चोरून न्यायचं असेल तर माणूस काय नेईल? बिअर जड, जागा खाणारी, कमी नशेची. तेवढ्याच जोखमीत कडक माल नेणं परवडतं. म्हणजे बंदीत सगळ्यात आधी मरते ती बिअर, आणि उरतं ते सगळ्यात घातक.

१९६० च्या दशकात बंदी सैल झाली. पण तिची खूण अजून आपल्या रस्त्यांवर आहे. बारच्या पाटीवर 'परमिट रूम' लिहिलेलं असतं ना, ते परमिट म्हणजे हेच.

आपल्या टेबलावर

तर यातून मी काय घेतलं? सगळ्यात आधी लेबल वाचायची सवय. आपल्याकडे स्ट्राँग बिअरच जास्त खपते. आता साधं गणित करू. ६५० मिलीच्या बाटलीत आठ टक्के अल्कोहोल म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या एका पेगमध्ये साधारण १३ मिली असतं. म्हणजे एक स्ट्राँग बाटली बरोबर चार पेग! "मी फक्त बिअर घेतो" म्हणणारा मित्र दोन बाटल्यांत आठ पेग घेऊन उठतो. तेच ३३० मिलीची पाच टक्क्यांची माइल्ड घेतली, तर सव्वा पेगच्या आसपास. चव घ्यायची असेल तर फरक फारसा नाही. डोक्यात आणि यकृतात मात्र फरक खूप आहे.

बाकी सगळं मंडळाकडून उसनं घेतलंय. आमच्या ग्रुपमध्ये राउंड बंद, ज्याचं त्याने घ्यायचं. जेवण आधी मागवायचं, शेवटी नाही. उठायची वेळ बसायच्या आधी ठरवायची, कारण नंतर ठरवणारा माणूस वेगळा असतो. लहान बाटली, संपली की पाणी. आणि जो घेत नाही त्याला "एक तरी घे रे" म्हणायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं, कारण आग्रह ही आपल्याकडे माया समजली जाते. जिलेबीचा आग्रह करा ना, कोण नको म्हणतंय?

दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलंय की दारूचं पूर्णपणे सुरक्षित असं प्रमाण नाही. म्हणजे बेताने घेणं हे कमी धोक्याचं असतं, औषध नसतं. आणि गाडी चालवायची असेल तर 'बेताने' हा शब्दच लागू नाही, तिथे शून्य.

दुसरं, काही जणांसाठी हा मधला रस्ता नसतोच. एक घेतली की थांबता येत नसेल, सकाळी हात थरथरत असतील, तर राउंडचे नियम कामाचे नाहीत. तिथे लिव्हसीचं बरोबर होतं. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकदम तोडू नये, त्यात जिवाला धोका असतो. डॉक्टरांना भेटून सोडावी.

बाकीच्यांसाठी १९१५ च्या त्या मंडळाची गोष्ट लक्षात ठेवा. त्यांनी कोणाला चांगलं माणूस बनायला सांगितलं नाही. त्यांनी ग्लास, घड्याळ आणि बिल बदललं. पुढच्या वेळी कोणी विचारलं, "बसायचं का?", तर जरूर बसा. फक्त बिल वेगवेगळं मागा.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या ग्रुपमध्ये राउंड कसे चालतात, ते मला नक्की कळवा.